बायसेप्सचं टेंडन पुन्हा जोडल्यावर हात किती परत येतो? चौदा महिन्यांचा माझा हिशोब

सुतारपक्षी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताच्या बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, कोपराच्या बाजूने हाडापासून पूर्ण सुटलं. नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मधल्या रात्री जागून मी एकच गोष्ट शोधत होतो, की यानंतर माणसाचा हात नक्की कसा होतो. हाती लागलं एवढंच, की "निकाल उत्तम असतात". ते खोटं नाही, हे आता मी स्वतःच्या हातावरून सांगू शकतो. पण त्या 'उत्तम'च्या पोटात काय काय असतं ते कुणीच उलगडून सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा.

घडलं ते असं. वय ४६. मित्राबरोबर एक जड कपाट उचलत होतो. त्याची पकड सुटली, सगळा भार माझ्या वाकलेल्या उजव्या हातावर आला आणि हात खेचला जाऊन सरळ होत गेला. कोपराच्या पुढे ओला दोर तुटावा तसा आवाज आला. कळ आली ती मिनिटभरच. दुसऱ्या दिवशी कोपरापासून निम्म्या हातापर्यंत काळंनिळं झालं आणि दंडाचा गोळा वर सरकलेला दिसला.

एकाच छेदातून, धातूच्या छोट्या बटणाने टेंडन हाडाला परत बसवलं. दोन आठवडे स्प्लिंट, मग बिजागरीचा पट्टा, सहा आठवडे काहीही उचलायचं नाही, बारा आठवड्यांनी हलके व्यायाम.

चौदा महिन्यांनंतरची स्थिती सांगतो. कोपर पूर्ण सरळ होतं, पूर्ण वाकतं. तळहात आभाळाकडे वळवताना शेवटचे दहाएक अंश कमी पडतात. फिजिओंनी यंत्रावर ताकद मोजली. वाकवण्याची डाव्या हाताच्या ९६ टक्के, तळहात वर वळवण्याची ८१ टक्के. कोपराखाली बाहेरच्या अंगाला सुरुवातीला तळहाताएवढी जागा बधिर होती, आता नाण्याएवढी उरली आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. शेवटच्या तपासणीत मला 'डॅश' नावाची प्रश्नावली भरायला दिली. तीस प्रश्न, ० म्हणजे काहीही त्रास नाही, १०० म्हणजे हात पूर्ण निकामी. मी पाच प्रश्नांना 'थोडी अडचण' लिहिलं, बाकी सगळ्यांना 'काही अडचण नाही'. गुण आले ४.२. कागदावर मी जवळजवळ पूर्ण बरा. पण मी हौशी सुतारकाम करतो. उजव्या हाताने स्क्रू आवळायचा म्हणजे तळहात वर वळवायचा, आणि हेच बायसेप्सचं मुख्य काम आहे. माझ्याकडे मुरलेल्या लाकडाची एक फळी आहे. तिच्यात ५० मिलिमीटरचे स्क्रू हाताने, न थांबता किती बसतात ते मी दर महिन्याला मोजतो आणि फळीवरच पेन्सिलने लिहितो. अपघाताआधी असं चाळीसेक स्क्रूंचं काम मी सहज एका दमात उरकायचो. आता फळीवर लिहिलंय: चौथा महिना ३, सहावा ९, नववा २१, बारावा २६, चौदावा २७. थांबावं लागतं ते दुखतं म्हणून नव्हे. दंड जड होतो, पिळ बसेनासा होतो आणि स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटायला लागतो.

तीस प्रश्नांच्या कागदाला हे दिसलं नाही. फळीला दिसलं.

मला शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण ज्यांची झाली आहे किंवा ज्यांनी टाळली आहे त्यांनी आपापला हिशोब इथे मांडावा. 'बरं आहे' एवढंच नको, कशात बरं आणि कशात नाही ते लिहा.

दुपारचं ऊन

वाचतोय. फळीची कल्पना फार आवडली.

उंबरठा

माझी दुसरी बाजू. सहा वर्षांपूर्वी, वयाच्या ५५ व्या वर्षी, डाव्या हाताचं हेच टेंडन तुटलं. मी शस्त्रक्रिया केली नाही. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय नीट समजावले होते, निर्णय माझा.

पहिले तीन-चार महिने दंडात पेटके यायचे, विशेषतः रात्री. मग ते आपोआप थांबले. वजन उचलता येतं, कारण कोपर वाकवायला बायसेप्सच्या खाली आणखी एक मोठा स्नायू असतो, तो शाबूत आहे. वाटीसारखा हात करून जड वस्तू पेलताना मात्र लवकर दम संपतो. डाव्या हाताचं असल्यामुळे माझी अडचण तुमच्या उलट आहे. स्क्रू आवळायला मी उजवा वापरतो, पण अडचणीच्या जागी डाव्या हाताने घट्ट बसलेला नळ किंवा नट सैल करायचा झाला तर जमत नाही. तिथे हात बदलतो किंवा लांब दांड्याचा पाना घेतो.

दंडाचा आकार बदलला तो बदललाच, खळगा दिसतो. बायको अजून त्यावर हात ठेवून विचारते, दुखतं का. दुखत नाही.

मी समाधानी आहे. पण माझं काम बैठं आहे, हे ध्यानात घ्या. हाच हात रोज पाना फिरवणाऱ्याचा असता तर माझा निर्णय वेगळा असता.

अस्थिवैद्य

धागाकर्त्यांचं मनापासून अभिनंदन. एवढ्या चिकाटीने स्वतःची नोंद ठेवणारे रुग्ण फार कमी भेटतात. मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. इथे कुणालाही तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

तुम्ही ज्या गोष्टीवर बोट ठेवलंय तीच या शस्त्रक्रियेच्या इतिहासाची गोष्ट आहे. बायसेप्सचं खालचं टोक कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियस या हाडाच्या एका उंचवट्यावर बसतं. तळहात खाली वळलेला असताना टेंडन त्या उंचवट्याभोवती गुंडाळलं जातं, आणि स्नायू आकसला की हाड गरकन फिरतं, दोरा ओढल्यावर भोवरा फिरावा तसं. एके काळी खोलवरच्या नसांना इजा होईल या भीतीने टेंडन हाडापर्यंत नेतच नसत, शेजारच्या ब्रॅकिआलिस स्नायूला शिवून टाकत. त्यात कोपर वाकायचं, पण पिळ देण्याची ताकद परत यायची नाही. १९६१ मध्ये बॉइड आणि अँडरसन यांनी दोन छेदांची पद्धत मांडली. पुढून टेंडन पकडायचं, मागून हाडाच्या मूळ जागी बसवायचं. त्यात दोन हाडांच्या मध्ये नको तिथे हाड तयार होऊन हात फिरायचाच थांबण्याचा धोका होता. पुढे स्नायू बाजूला न खरवडता त्याच्या तंतूंमधून वाट काढायला लागले, तसा तो धोका बराच कमी झाला.

आज एक छेद की दोन, यावर शल्यविशारद अजून वाद घालतात. कॅनडातल्या ग्रेवाल आणि सहकाऱ्यांनी ९१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून दोन वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास २०१२ मध्ये आला. वेदना, कार्यक्षमतेचे गुण, हालचाल, सगळं जवळजवळ सारखं. वाकवण्याची ताकद दोन छेदांच्या गटात थोडी जास्त, दुसऱ्या हाताच्या १०४ टक्के विरुद्ध ९४. मोठा फरक बधिरपणात होता. एका छेदाच्या ४७ पैकी १९ जणांना कातडीच्या नसेचा त्रास झाला, दोन छेदांच्या ४३ पैकी ३ जणांना. बहुतेकांचा तो तात्पुरता होता. धागाकर्त्यांची नाण्याएवढी जागा याच नसेची. ती नस छेदाच्या वाटेवरच असते, बाजूला ओढून धरली की दुखावते.

शस्त्रक्रिया न करण्याबद्दल: १९८५ च्या अभ्यासांत पिळाची ताकद सुमारे ४० टक्के आणि वाकवण्याची सुमारे ३० टक्के घटलेली आढळली, आणि पिळ पुन्हा पुन्हा देण्याचा दमसास तर एका अभ्यासात ७९ टक्के कमी. हे आकडे अजून सगळीकडे फिरतात. पण २००९ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया न केलेले १८ जण तपासले, तेव्हा वाकवण्याचं नुकसान त्याहून बरंच कमी निघालं. पिळाची ताकद कमी होतीच, तरी बहुतेक जण आपल्या हातावर समाधानी होते. उंबरठा यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

हलके हात

मी फिजिओथेरपिस्ट आहे. 'डॅश'बद्दल धागाकर्त्यांच्या लक्षात आलं ते का होतं, ते सांगते. त्या प्रश्नावलीच्या सूचनेतच लिहिलेलं असतं, की काम कोणत्या हाताने केलं याने फरक पडत नाही, तुम्हाला ते जमतं का तेवढं सांगा. घट्ट झाकण डाव्या हाताने उघडलंत तरी उत्तर 'अडचण नाही' असंच. पूर्ण हात, दोन्ही बाजू, माणूस आपलं आयुष्य कसं निभावतो ते मोजायला ती बनवली आहे, आणि त्या कामाला ती चांगली आहे. पण एका टेंडनने एका हालचालीत काय गमावलं ते तिच्यातून निसटतं. म्हणून मी तिच्या जोडीला पिळाची ताकद यंत्रावर मोजते, आणि ताकदीबरोबर दमणूकही. एकदाच जोर लावून ८१ टक्के येणं वेगळं, विसाव्या वेळी किती येतो ते वेगळं. तुमची फळी नेमकी हीच दुसरी गोष्ट सांगते.

दुसरं, सगळ्यांसाठी. वर दिलेल्या २०१२ च्या अभ्यासात चार टेंडनं पुन्हा तुटली. चारही वेळा कारण एकच: सुरुवातीच्या काळात सूचना न पाळणं किंवा नवी इजा. सहाव्या-सातव्या आठवड्यात रुग्णाला दुखत नाही, हात सरळ होतो, आणि त्याला वाटतं झालं. टाके आणि बटण सुरुवातीला टेंडनला नुसतं धरून ठेवतात. हाड आणि टेंडन एकमेकांत रुजायला आठवडे लागतात, त्या नव्या ऊतीची घडी बसायला वर्षही लागतं. दुखणं थांबणं ही उचलायची परवानगी नव्हे. माझ्याकडे एक जण पट्टा काढून खुर्ची सरकवायला गेले होते, हे मला विसरता येत नाही.

उलटी चूकही होते. भीतीने हात छातीशी धरून बसणारे. त्यांचं कोपर आखडतं आणि मग सरळ करायला महिने जातात. तुमच्या शल्यविशारदाने ज्या दिवशी जितके अंश सांगितले तितके करा, त्याहून जास्त नको, आणि कमीही नको.

सुतारपक्षी, एक विचारू? धूम्रपान करता?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

@हलके हात: वीस वर्षं करत होतो. टेंडन तुटल्यावर शल्यविशारदांनी पहिला प्रश्न हाच विचारला. त्या दिवशी सोडलं ते सोडलं. 'डॅश'ची ती सूचना मी वाचलीच नव्हती! आता सगळं जुळलं. ज्या प्रश्नांना मी 'अडचण नाही' लिहिलं त्यातली निम्मी कामं मी डाव्या हाताकडे कधी ढकलली ते मलाच कळलं नव्हतं.

@उंबरठा: तुमचा प्रतिसाद मला तेव्हा वाचायला मिळाला असता तर त्या नऊ रात्री थोड्या सोप्या गेल्या असत्या. मला न केल्याचं चित्र फार भेसूर रंगवलेलं मिळालं होतं.

अस्थिवैद्य

धूम्रपानाचा प्रश्न योग्यच. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत हे टेंडन तुटण्याचा धोका साडेसात पट निघाला होता. या टेंडनच्या शेवटच्या टप्प्यात रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो. शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड्स आणि फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं यांचाही टेंडनशी संबंध आहे, म्हणून तीही विचारावी लागतात.

रातराणी

माझाही बायसेप्सच, पण खांद्याकडचा. इथे लिहिलं तर चालेल ना? कारण मी हे सगळं वाचून आधी घाबरलेच, की मला हे आकडे का नाही सांगितले.

माझ्या खांद्याच्या आतली स्नायूंची झालर फाटली होती आणि बायसेप्सचं लांब टेंडन खराब झालेलं होतं. दुर्बिणीतून झालर शिवली आणि ते टेंडन कापून मोकळं सोडलं. शिवलं नाही, कापलं! शुद्धीवर आल्यावर कळलं तेव्हा मी रडले होते. दोन वर्षं झाली. खांद्याचं रात्रीचं ठसठसणं गेलं, आणि ते माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. हात वाकवला की दंडाच्या खालच्या भागात गोळा दिसतो. जास्त काम झालं तर तिथे आकडी येते, महिन्यातून एखाद वेळा. ताकदीत मला तरी फरक जाणवत नाही.

अस्थिवैद्य

@रातराणी: अवश्य लिहा, आणि घाबरू नका. ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. खांद्याकडे बायसेप्सची दोन मुळं असतात. तुमचं लांब मूळ सोडलं, तरी आखूड मूळ जागेवर असतं आणि खालचं टोक शाबूत असतं. त्यामुळे पिळाची ताकद कोपराकडच्या फाटण्याइतकी जात नाही.

तिथे वाद असतो तो 'नुसतं कापून सोडायचं की खाली हाडाला बांधायचं' हा. कॅनडातल्याच मॅकडोनल्ड आणि सहकाऱ्यांनी ११४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे कार्यक्षमतेचे गुण सारखे. गोळा दिसण्याचं प्रमाण मात्र कापून सोडलेल्यांत ३३ टक्के, बांधलेल्यांत सुमारे १० टक्के. म्हणून तरुण, अंगमेहनतीचं काम करणाऱ्या किंवा आकार बदलायला नको असलेल्या माणसात बांधणं सुचवतात. तुमच्याशी हे आधी बोलायला हवं होतं. शुद्धीवर आल्यावर कळणं बरोबर नाही.

याच जागेबद्दल एक प्रामाणिक गोष्ट आमच्या व्यवसायाने ऐकून घ्यायला हवी. ऑस्लोमध्ये श्रोडर आणि सहकाऱ्यांनी ११८ रुग्ण घेतले. खांद्याच्या खोबणीच्या ज्या कडेला बायसेप्सचं टेंडन चिकटतं ती वरची कड फाटलेले. एका गटाची कड शिवली, एका गटाचं टेंडन खाली बांधलं, आणि तिसऱ्या गटाला भूल देऊन, छेद घेऊन आत काहीच दुरुस्त केलं नाही. २०१७ मध्ये निकाल आले: दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच सुधारलेले. कोपराकडच्या तुटलेल्या टेंडनला हा निष्कर्ष लागू होत नाही, पण शस्त्रक्रियेनंतर बरं वाटलं याचा अर्थ दर वेळी शस्त्रक्रियेमुळेच बरं वाटलं असा होत नाही.

निळी शाई

मी रुग्ण नाही, रुग्णाची बायको आहे. ह्यांची शस्त्रक्रिया कोपराकडची, दोन वर्षांपूर्वी. दुसऱ्या दिवशी भुलीचा असर उतरल्यावर हे म्हणाले, अंगठा वर होत नाहीये. बोटंही सरळ होईनात. मनगट उचलायला गेले की तिरकं जायचं. बधिर काही नव्हतं, दुखतही नव्हतं, नुसतं होत नव्हतं. आम्हाला वाटलं हात गेला.

नस दुखावली आहे, तुटलेली नाही, थांबायचं, असं सांगितलं. थांबणं म्हणजे काय ते त्या वेळी कळलं. बोटं आखडू नयेत म्हणून एक स्प्लिंट होता, दिवसातून चार वेळा मी एकेक बोट उघडून द्यायची. दहाव्या आठवड्यात संध्याकाळी हे टेबलावर हात ठेवून बसले होते आणि अंगठा अगदी सुपारीएवढा, नाही, त्याहूनही कमी हलला. मी बघितलं, त्यांनी बघितलं, दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी परत हलवून दाखवला.

पाचव्या महिन्यात बोटं पूर्ण उघडायला लागली. आज काही फरक नाही. त्या रुग्णालयाने संमतीपत्रावर 'नसेला इजा' असं छापलेलं होतं, आम्ही सहीही केली होती. पण त्या दोन शब्दांचा अर्थ असा असतो हे कुणी बसून सांगितलं असतं तर ती पहिली रात्र तशी गेली नसती. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी विचारा: कोणती नस, काय बंद पडतं, किती दिवस वाट बघायची.

अस्थिवैद्य

@निळी शाई: तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ही रेडियल नसेची खोल शाखा. शंभरात एक-दोघांनाच असं होतं आणि बहुतेकांची नस काही महिन्यांत आपणहून सावरते. पण तो एक जण आपल्या घरातला असला की शंभराला अर्थ उरत नाही. यापुढे मी रुग्णांना 'अंगठा वर होणार नाही' अशा शब्दांत सांगत जाईन.

पायवाट

मी नवा सभासद आहे, हा धागा शोधतच इथे आलो. चार दिवसांपूर्वी डाव्या हाताचं तुटलं. वय ५८. एमआरआय व्हायचाय. आणि चार महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. एक डॉक्टर म्हणाले तीन आठवड्यांच्या आत करून टाका, नाहीतर उशीर होईल. घरात सगळे म्हणतात करून टाका. मला काही सुचत नाहीये.

अस्थिवैद्य

@पायवाट: आधी एक गोष्ट ठळकपणे. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने किंवा अस्थिशल्यचिकित्सकाच्या एकट्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना आजच फोन करा. इतक्या लवकर गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तो हाताच्या ताकदीपेक्षा फार मोठा आहे.

दुसरं, पूर्ण तुटलंय की अर्धवट ते पक्कं करून घ्या. कोपर काटकोनात वाकवून तळहात पूर्ण वर वळवायला सांगतात आणि बाहेरच्या बाजूने टेंडनखाली बोट अडकवून बघतात. शाबूत टेंडनखाली बोट आकड्यासारखं अडकतं. आतल्या बाजूने बघितलं तर शेजारचा पातळ पडदा हाताला लागून फसगत होते. एमआरआय काढणाऱ्याला कोपर वाकवून काढायला सांगितलं तर टेंडन संपूर्ण लांबीत दिसतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टेंडन सहज परत आणता येतं, हे खरं. नंतर ते आक्रसतं, चिकटतं. पण तो दरवाजा एका रात्रीत बंद होत नाही. विचार करायला तुमच्याकडे दिवस आहेत.

पानगळ

@पायवाट: डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला माझी साक्ष. माझं निदानच अकरा आठवड्यांनी झालं. तोवर 'स्नायू दुखावलाय, शेक द्या' चाललं होतं. टेंडन मूळ जागेपर्यंत पोचेना, म्हणून दात्याच्या टेंडनचा तुकडा मध्ये जोडावा लागला. छेद मोठा, काम मोठं, सावरायला वेळही जास्त लागला. दीड वर्षानंतर हात चांगला आहे. लवकर झालं असतं तर सोपं झालं असतं, एवढंच.

उंबरठा

@पायवाट: मी निर्णय कसा घेतला ते सांगतो. एका दिवसात त्या हाताने तळहात वर वळवून, जोर लावून मी काय काय करतो ते लिहून काढलं. जोर लावून, हे महत्त्वाचं. दाराची किल्ली फिरवायला जोर लागत नाही. माझी यादी चार ओळींची झाली, आणि त्या चारही गोष्टी उजव्या हाताने होण्यासारख्या होत्या.

सुतारपक्षी (धागाकर्ता)

@पायवाट: उंबरठा यांची यादी आधी करा. मी केली असती तर ती दोन पानं भरली असती, म्हणून माझ्यासाठी शस्त्रक्रिया बरोबर होती. माझ्या हाताकडे बघून तुमचं ठरवू नका. आणि काहीही ठरवा, आजच चांगल्या हाताची ताकद मोजून लिहून ठेवा. पुढे तुलना करायला काहीतरी लागतं.

हलके हात

+१. आणि न करण्याचं ठरलं तरी फिजिओ लागतोच, हे घरच्यांना सांगा. पिळ देणारा आणखी एक छोटा स्नायू हातात असतो, तो आणि कोपर वाकवणारे बाकीचे स्नायू तयार करावे लागतात. 'शस्त्रक्रिया नाही' म्हणजे 'उपचार नाही' नव्हे.

पायवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, माफ करा.

एमआरआयमध्ये पूर्ण तुटलेलं निघालं. हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी किमान दोन महिने दोन्ही गोळ्या चालूच राहतील. दरम्यान मी यादी केली. बायको शेजारी बसून आठवण करून देत होती. शेवटी कागदावर एकच ओळ राहिली: नातवाला डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताने दार उघडणं. नातू आठ महिन्यांचा आहे.

मी शस्त्रक्रिया करत नाहीये. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याला हा धागा वाचायला दिला. निळी शाई आणि उंबरठा यांचे प्रतिसाद वाचून तो म्हणाला, ठीक आहे, तुमचं तुम्ही ठरवलंत ना मग.

कालपासून फिजिओ सुरू. उजव्या हाताची ताकद आणि डाव्या हाताची ताकद, दोन्ही लिहून ठेवली. पिळाची ५८ टक्के आली.

सुतारपक्षी (धागाकर्ता)

@पायवाट: ५८ ही सुरुवात आहे, दर महिन्याला त्याच दिवशी, त्याच वेळी मोजा. नातवाला तूर्त उजव्या हातावर घ्या आणि दार डाव्याने उघडा. कडी खाली दाबायची असेल तर तिला बायसेप्स लागत नाही, मी करून बघितलंय.

माझा पंधरावा महिना: २९.